गंडा काढून ठेवावा

या पानावर मी आजवर जे काही लिहिले ते तबला, पखवाज आणि त्या वाद्यांच्या जुन्या जाणकारांविषयी. आज तिळपट्टी लाटण्याच्या यंत्राविषयी लिहावयास बसलो आहे हे पाहून काही वाचकांना मास्तरांची मात्रा चुकली असे वाटेल. शेवटपर्यंत वाचण्याची कृपा केल्यास विषय बदललेला नाही हे त्यांच्या ध्यानी येईल. विषय बोटांचाच आहे.

मी मूळचा इंदूरचा. आजोबा होळकरांच्या पदरी पखवाज वाजवीत, आणि वडील सोळाव्या वर्षी, १९४६ साली, त्यांच्यामागे दरबारी हजेरीस लागले. दोन वर्षांत संस्थान मध्यभारतात विलीन झाले. दरबार गेला, पण वडिलांची दरबारी शिस्त शेवटपर्यंत गेली नाही. मी त्यांच्या पन्नाशीत झालेले शेंडेफळ. त्यामुळे माझ्या वाट्याला दरबार आला तो केवळ त्यांच्या शिस्तीतून. वाद्यापाशी बसण्यापूर्वी हातातली अंगठी काढायची, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, नखे तपासून घ्यायची. "हात हे आपले इनाम आहे, ते कोणत्याही सरकारास खालसा करता येत नाही," असे ते म्हणत. सरकारास येत नसेल. यंत्रास येते, हे मला बालाघाटास कळले.

पोटापाण्यासाठी मी बालाघाटास आलो त्याला आता पंधरा वर्षे झाली. इंदूरच्या पुष्कळ मंडळींना हे गाव नकाशावर चटकन सापडत नाही, म्हणून चार शब्द सांगतो. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी गेल्याच्या गेल्या शतकात हा जिल्हा केला. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर एका बाजूस गेले आणि बालाघाट दुसऱ्या. पण माणसे काही रेघ पाहून बोलत नाहीत. बाजारात हिंदी, घरात कुठे पवारी कुठे मराठी, आणि लग्नकार्यास गोंदिया-भंडाऱ्याचे सोयरे, असा इथला संसार आहे. गावाशेजारून वैनगंगा वाहते. भात मुबलक, इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि जिथे भात आहे तिथे मुरमुरे आहेत, मुरमुरे आहेत तिथे गुळाचा पाक आहे. संक्रांत जवळ आली की गल्लीबोळांतून तिळाचा खमंग वास सुटतो. मुरमुऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, तिळपट्टी, रेवडी. दुकान पुढे चार हात रुंद असते, मागे अंधारी खोली, आणि त्या खोलीत हल्ली एक-दोन यंत्रे.

माझा एक शिष्य अशाच एका दुकानात काम करी. त्याचे नाव सांगत नाही, दुकानाचेही नाही. पोरगा एकोणीस वर्षांचा, नदीपलीकडच्या खेड्यातला, घरची दीड एकर शेती. हात असा गोड की पहिल्या महिन्यातच मी चपापलो. खैरागडला जाऊन पुढे शिकायचे हे त्याने मनात धरले होते. खैरागडच्या राजेसाहेबांनी आपला राजवाडा १९५६ साली संगीताच्या विद्यापीठाला देऊन टाकला, ही गोष्ट मी त्याला एकदा सांगितली होती. तेव्हापासून त्या वाड्यात आपण वाजवतो आहोत असे त्याला स्वप्न पडे म्हणतात. फीचे पैसे जमवण्यासाठी तो सकाळी सहा ते दोन दुकानात राबे आणि चार वाजता हातांना गुळाचा वास घेऊन माझ्याकडे येई.

२०२४ च्या गुरुपौर्णिमेस मी त्याला गंडा बांधला. हल्ली गंडा बांधण्याची रीत पुष्कळ ठिकाणी नावापुरती उरली आहे. मी मात्र वडिलांनी मला बांधला तसाच बांधला: उजव्या मनगटावर, पिवळ्या सुती दोऱ्याचे सात पेड, वर गाठ आणि गाठीची दोन टोके बोटभर लोंबती. "हा आपणहून तुटेपर्यंत काढायचा नाही," असेही सांगितले. पोराने ते शब्द पाळले.

२०२५ च्या संक्रांतीला पाच दिवस उरले असतील. दुकानात रात्रंदिवस काम चालू होते. पट्टी लाटण्याचे यंत्र म्हणजे दोन पोलादी रूळ, एकावर एक. मोटारीने फिरतात, आणि टोकाला दोघांना जोडणारी दातेरी चक्रे. पाकात घोळलेल्या तिळाचा गोळा एका बाजूने घालायचा, दुसऱ्या बाजूने सपाट पट्टी बाहेर येते. रुळांना पाक चिकटतो. तो वेळच्या वेळी ओल्या फडक्याने पुसून घेतला नाही तर पुढची पट्टी फाटते. यंत्र बंद करून पुसायचे म्हटले तर एका वेळी रुळाचा चार बोटे भाग पुसता येतो. मग हाताने रूळ ढकलून पुढचा भाग वर आणायचा. चालू ठेवून नुसते फडके धरले की रूळ आपणच फिरून स्वच्छ होतो. म्हणून सगळे चालू ठेवूनच पुसतात. तोही पुसत होता. चक्रांवर पत्र्याचे झाकण असायला हवे होते. ते तेल घालताना काढलेले आणि पुन्हा न बसवलेले होते, कारण ते खडखडत असे. लोंबते टोक दात्यांत गेले. सात पेडांचा सुती दोरा. तो तुटला नाही. त्याच्यामागे हात गेला.

उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे गेली.

तबला न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो. दाहिन्याच्या चाटेवर जो 'ना' वाजतो तो तर्जनीचा. डग्ग्यावरच्या 'गे'ला तो मिळाला की 'धा' होतो. तीनतालाची पहिली मात्रा 'धा'. समेवर 'धा'. उजव्या हाताची तर्जनी नाही म्हणजे समेवर यायचे दारच बंद.

दवाखान्यात मालक भेटले. माणूस वाईट नाही. पोराला स्वतःच्या गाडीवरून नेले, खर्च केला, दोन महिन्यांचा पगार घरी पोचता केला. मला म्हणाले, "मास्तर, पोट्ट्याचं ध्यान नव्हतं. मी किती डाव सांगतलं, हात सांभाळ म्हणून." त्यांच्या दुकानातले जुने कारागीर, ज्यांना सगळे महाराज म्हणतात, तेही तिथे होते. त्यांनी आपला डावा हात पुढे केला. करंगळीचे टोक नव्हते. "बारा साल झाले. सेवेच्या मशीनमध्ये. या धंद्यात येवढं चालतेच, गुरुजी," असे ते म्हणाले, आणि त्या म्हणण्यात खेदापेक्षा थोडा अभिमानच अधिक होता.

हा अभिमान मला परका नाही, हीच अडचण आहे. आम्हा वादकांतही बोटांवरचे घट्टे दाखवण्याची खोड असते. सतारियाच्या बोटावरची तारेची खाच, तबलजीच्या तळहाताची राठ कातडी, ही आम्हाला बिरुदे वाटतात, आणि ती आहेतही. कारण ती रियाजाने येतात, दर दिवसाच्या मेहनतीने एकेक कण साचतात. तुटलेली करंगळी रियाजाने येत नाही. तिने महाराजांना बुंदी अधिक गोल पाडता येऊ लागली नाही. घट्ट्याचा मान जखमेला देणे ही मोठी फसवणूक आहे, आणि आम्ही कलावंत ती करीत आलो आहोत म्हणून कारागिरांनाही ती खरी वाटते.

"ध्यान नव्हते" या दोन शब्दांवर माझा सगळा राग आहे. गेली पंचवीस वर्षे मी ध्यान शिकवण्याचाच धंदा करतो. त्यामुळे मला छातीवर हात ठेवून सांगता येते की ध्यान सुटते. मोठमोठ्यांचे सुटते. भर मैफलीत नावाजलेला वादक समेला अर्धी मात्रा उशिरा आलेला मी ऐकला आहे. रसिक हसून सोडून देतात, आणि तो पुढच्या आवर्तनात उट्टे काढतो. पहाटेपासून उभा असलेला, सणाच्या गर्दीत सातशेवी पट्टी लाटणारा एकोणीस वर्षांचा पोरगा अर्धी मात्रा चुकणारच. प्रश्न तो चुकेल की नाही हा नाहीच. चुकीची किंमत काय ठेवायची हा आहे. तबल्यावर ती एक हसू असते. त्या यंत्रावर ती दोन पेरे ठेवलेली होती, आणि ती कोणीतरी ठेवलेली होती.

ही अर्धी मात्रा मी पुढे कागदावर मांडून पाहिली. रूळ दहा सेंटिमीटर जाडीचा आणि मिनिटाला तीस फेरे घेणारा धरू. दिसायला अगदी संथ. दोन सेकंदांना एक फेरा, आमच्या भाषेत विलंबित. पण त्याचा परीघ सुमारे ३१ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा सेंटिमीटर तो आत ओढतो. माणसाला काही टोचले, ओढले गेले हे कळून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी लागतो; हा कोणाचा आळस नव्हे, शरीराची रचनाच तशी आहे. मध्य लयीत, मिनिटाला १२० मात्रा धरल्या, तर पाव सेकंद म्हणजे बरोबर अर्धी मात्रा. तेवढ्यात रूळ चार सेंटिमीटर आत गेलेला असतो. तर्जनीची दोन पेरे साधारण तेवढीच भरतात. ध्यान असलेल्या, चपळ, तरुण हाताचीसुद्धा हीच गत. आणि मोटारीचे बटण दाबले तरी रूळ त्याच क्षणी थांबत नाही; अंगच्या वेगाने आणखी फिरतो. त्या दुकानात तर बटण भिंतीवर होते आणि त्याच्यापुढे शेंगदाण्याची पोती रचलेली होती.

याला आणखी एक बाजू आहे, ती आमच्याकडच्या विजेची. वीज जाते. यंत्र मध्येच थांबते. पाक तर थांबत नाही, तो आळू लागतो. म्हणून पोरगे हात घालून गोळा काढू लागते. बटण चालूच राहिलेले असते. वीज येते. ज्या यंत्राला वीज गेल्यावर आपोआप तुटणारा स्टार्टर नाही, नुसते साधे बटण आहे, ते त्या क्षणी फिरू लागते. यात कोणाचे ध्यान सुटले म्हणावे?

वाचकांनी असे समजू नये की मी यंत्राच्या विरुद्ध आहे. यंत्रयुगाने कला मारली, हस्तकौशल्य लोपले, असे लेख आपण पुष्कळ वाचले आहेत. एखादा मीही लिहिला असेन. पण तापलेल्या गुळाचा गोळा मी हाताने ओढून पाहिला आहे. कडक पाक दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. उकळते पाणी त्यापुढे थंडच म्हणायचे, आणि पाणी निदान ओघळून जाते, पाक कातडीला धरून बसतो. महाराजांच्या दोन्ही कोपरांपर्यंत जुन्या भाजल्याचे पांढरे डाग आहेत. खव्याच्या कढईत तासन्‌तास खुरपणे फिरवून त्यांचा खांदा कायमचा उतरला आहे. यंत्राने हे कष्ट वाचवले. ते गेले पाहिजे असे म्हणणारा शहाणा नव्हे.

माझी तक्रार वेगळी आहे. यंत्र आले ते तालमीवाचून आले.

जुन्या हलवायाकडे पोरगे शिकायला राही तेव्हा वर्षभर त्याला कढईला हात लावू देत नसत. आधी भांडी, मग चूल, मग साखरेचा मळ काढणे. एकतारी पाक कोणता, दोनतारी कोणता, गोळीबंद कधी होतो, हे दोन बोटांच्या चिमटीत पाहण्याची विद्या होती. आणि त्या आधी बोटे पाण्यात कशी बुडवायची हे शिकवले जाई. आमच्याकडेही तेच. पहिले चार महिने नुसता हात ठेवणे. बोल नाही, कायदा नाही. यंत्राचे पाहावे तर उलट. कढईपाशी महाराज स्वतः उभे राहतात, कारण तिथे माल बिघडू शकतो. यंत्रावर सर्वांत नवे पोर लावतात. "यात काय शिकाचं हाय? बटण दाबलं का झालं." दुकानात शिकण्यासारखे काही नाही असे मानलेली जागा जी एक आहे, तीच सर्वांत घातकी आहे. शिकवायला कोणी नाही याचे कारणही साधे आहे: यंत्र विकणाऱ्याने मालकाला दहा मिनिटे चालवून दाखवले, मालकाने पहिल्या पोराला, पहिल्याने दुसऱ्याला. चौथ्यापर्यंत पोचेतो झाकण गळून पडलेले असते, जसे ऐकीव चीज चौथ्या तोंडी गेली की अंतरा गळतो.

आमच्या गावाला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे. तिथे माणूस खाली उतरण्यापूर्वी त्याला रीतसर प्रशिक्षण द्यावे लागते. १९६६ पासून त्याचे नियमच आहेत. टोपी, बूट, दिवा. तिथून सायकलने येता येईल इतक्या अंतरावर मिठाईच्या दुकानात त्याच गावचा, कदाचित त्याच घरचा, दुसरा मुलगा फिरत्या चक्राशेजारी लोंबता दोरा घालून उभा राहतो आणि त्याला कोणी काही विचारीत नाही.

कायदा काय म्हणतो, हे मी एका वकील मित्राकडून समजून घेतले. अपघात झाला तेव्हा १९४८ चा कारखाने अधिनियम चालू होता. त्यातले २१ वे कलम फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगे. २२ वे कलम वाचून तर मी चकित झालो. चालू यंत्रापाशी तपासणीचे वा तेल घालण्याचे काम करायचे तर ते शिकलेल्या प्रौढ माणसानेच, आणि अंगासरशी घट्ट कपडे घालून. ते कपडे मालकाने द्यायचे. माझ्या वडिलांनी बाह्या दुमडायला सांगितल्या तीच गोष्ट संसदेने लिहून ठेवलेली होती! परंतु हे सगळे दहा वा अधिक कामगार असतील आणि वीज वापरली जात असेल तर. त्या दुकानात पाच होते. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी संहिता लागू झाली; तिने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा वीस कामगारांवर नेली, आणि मालकाची सुरक्षिततेची जबाबदारी दहा कामगारांपासून धरली. पाचजणांचे दुकान तेव्हाही कायद्याच्या उंबऱ्याबाहेर होते, आजही आहे. दात्यांना मात्र पाच आणि पन्नास यांतला फरक कळत नाही.

त्याच मित्राने १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचे परिशिष्ट दाखवले. त्यात शरीराच्या प्रत्येक अवयवाचे मोल टक्क्यांत लिहिले आहे. संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची शक्ती १४ टक्के घटली असे धरायचे. दोन पेरे गेल्यास ११ टक्के. एक गेल्यास ९. करंगळी वा अनामिका पुरती गेली तर ७. कायदा करणाऱ्याला कुठेतरी आकडा लिहावाच लागतो हे मला समजते. पण तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो. अकरा टक्के! 'धा' वगळून तीनताल वाजवून पाहा आणि किती टक्के उरला ते सांगा.

थोर अपघात झाले की आपण जागे होतो. २०१७ च्या जूनमध्ये बालाघाटजवळच्या खैरी गावी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा सारा देश इकडे पाहत होता. खाद्यपदार्थांच्या यंत्रांनीही जीव घेतले आहेत. २०२२ साली अंबरनाथला बिस्किटांच्या कारखान्यात आईबरोबर आलेले तीन वर्षांचे मूल यंत्रात सापडून दगावले. २०२४ च्या डिसेंबरात मुंबईत, वरळीस, चायनीज भेळेचे साहित्य दळताना झारखंडच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा सदरा यंत्रात गुंतला आणि तो त्यात ओढला गेला. त्याचे वय आणि माझ्या शिष्याचे वय एकच; तिथे सदरा होता, इथे दोरा. या बातम्या छापून आल्या. पण बोटे एकेक करून जातात आणि त्यांची बातमी होत नाही. या वर्षभरात मी गावातल्या आणि वारासिवनी-कटंगीच्या बाजूच्या ओळखीच्या दुकानांत जाऊन बसलो, चहा घेतला आणि हात पाहिले. किती मोजले ते लिहीत नाही. माझी मोजणी म्हणजे काही शास्त्र नव्हे. एवढेच सांगतो की प्रसादाचा पेढा हातात घेताना देणाऱ्याच्या बोटांकडे माझे लक्ष आता आपोआप जाते.

काय करता येईल, असे मालक मला विचारतात. काही खरेच विचारतात, काही मास्तर जावेत म्हणून. फार मोठे काही नाही. चक्रांवर आणि पट्ट्यावर झाकण, आणि ते खडखडत असेल तर त्याखाली रबराची चकती. (खडखडाट कानाला सहन होत नाही हे मी तरी कसे नाकारू?) रुळांच्या तोंडाशी आडवी पट्टी, जिच्यातून गोळा जाईल पण बोट जाणार नाही. गोळा पुढे सारायला लाकडी थापी. हाताशी लागेल, पोत्यांमागे नव्हे, अशा जागी मोठे लाल बटण. वीज गेली की आपण तुटेल आणि दाबल्यावाचून चालू होणार नाही असा स्टार्टर. पुसणे-धुणे यंत्र बंद करून, नुसते बटण बंद नव्हे, तार सॉकेटातून काढून. मग हाताने रूळ ढकलत पुसा, पाच मिनिटे जास्त लागतील. हातमोजे घालण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, तो मात्र रुळापाशी उलटा पडतो. बोट ओढले जायचे तिथे मोजा पंजा ओढून नेतो. या सगळ्याला बऱ्यापैकी तबल्याच्या जोडीइतकाही खर्च येऊ नये असे मला एका लोहाराने सांगितले. नागपुराहून वा इंदुराहून जुने यंत्र विकत आणणाऱ्यांनी ते झाकणासकट मागावे. आणि इंदूरच्या वाचकांतले जे कोणी अशी यंत्रे करतात वा विकतात, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे: झाकण ही वेगळ्या किमतीची वस्तू ठेवू नका. डग्ग्यावाचून तबला विकायला कोणी बसत नाही.

मालक म्हणाले, "सीझनच्या टायमाला पाच मिनिटं कोण देईल?" मी म्हटले, शेठ, तुम्ही त्या पोरासाठी दवाखान्यात चार दिवस बसलात. ते गप्प झाले. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा झाकण बसलेले होते, पोती हलली होती. आडवी पट्टी अजून नाही.

आता माझ्या वाट्याचे. दोष सगळा मालकावर, विकणाऱ्यावर आणि कायद्यावर टाकून मला मोकळे होता येत नाही, कारण तो दोरा मी बांधला होता. पोरगा कुठे काम करतो हे मला ठाऊक होते. त्याच्या बोटांना रोज गुळाचा वास येई. मी त्याच्या हाताचा निकास तपासला, अंगठ्याचे वळण तपासले, पण हे हात उरलेले आठ तास कशाजवळ असतात हे एकदाही जाऊन पाहिले नाही. दरबारातल्या शिष्याला दुसरा धंदा नसे. गंडा त्या काळाची रीत. आमचे शिष्य गिरणीत, गॅरेजात, छापखान्यात, भातसडीच्या पट्ट्याशेजारी काम करून शिकतात. तेव्हा मी ठरवले ते सांगतो, आणि माझ्या समव्यवसायी मंडळींनी यावर रागवावे अथवा विचार करावा. गंडा मी पुढेही बांधीन. विधी संपला, पेढा वाटला, की त्याच बैठकीत तो स्वतःच्या हाताने सोडीन आणि शिष्याने तो तबल्याच्या गवसणीत ठेवावा. वाजवायला बसताना वाटले तर बांधावा. परंपरेचा अपमान झाला असे एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला बोलूनही दाखवले. वडील हयात असते तर काय म्हणाले असते? मला वाटते त्यांनी विचारले असते, की अंगठी काढायला मी तुला शिकवले होते, मग दोरा का नाही?

पोराचे काय झाले ते राहिले. चार महिने तो आला नाही. दुकानात मात्र जाऊ लागला होता. आता गल्ल्यावर बसे. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईने चहा दिला आणि तो मागच्या दाराने शेतात निघून गेला. मग एका गुरुवारी दारात उभा. हातात मोबाइल. त्यात एका इंग्रज गिटारवादकाची हकिगत होती. टोनी आयोमी त्याचे नाव. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात उजवा, आणि गेला तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही उरलेल्यांवर वाजवणारा तो वादक. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे जगभर वाजवले. त्याचे संगीत पोराने मला ऐकवले. माझ्या कानाला ते झेपले नाही, हे कबूल करतो. पण मी ते शेवटपर्यंत ऐकले.

"टोपण लावून चाट वाजल का, गुरुजी?" त्याने विचारले. मी खरे ते सांगितले. चाटेला कातडी लागते, प्लास्टिकचा 'ना' उठणार नाही.

तो थोडा वेळ बसला. मग उठून त्याने माझी जोडी फिरवली. तबला डावीकडे, डग्गा उजवीकडे. डाव्या हाताची तर्जनी चाटेवर ठेवली, अनामिका शाईच्या कडेला टेकवली, आणि पहिल्या महिन्यात वाजवला होता तसा कच्चा, बेसूर 'ना' काढला. मी बोट अर्धा इंच मागे घ्यायला सांगितले. त्याला आता आठ महिने झाले. एकपट लयीतला साधा कायदा बसला आहे. तिरकिट अजून अडते. दर गुरुवारी आणि रविवारी येतो, चार वाजता.